थिल्लर पाणी, गंभीर पाणी
(बोर्ली पंचतन येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांच्या हाताखाली शिकलेली कितीतरी माणसे आज समोर बसली आहेत. मला त्यांचा सहवास लाभला नाही. पण माझे माहेर याच तालुक्यातले, त्यामुळे त्यांचे नाव कानावरून गेलेले होते. व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा कार्यकर्त्यांनी एकच विनंती केली. म्हणाले, "ताई, विषय गंभीर घ्या. हल्ली व्यासपीठावरून थिल्लर फार चालते." विनंती मला पटली. मात्र फोन ठेवल्यावर ते दोन शब्दच मनात घोळत राहिले, आणि शेवटी आजचा विषय त्यांच्यातूनच निघाला. गंभीर म्हणजे काय, थिल्लर म्हणजे काय, आणि हे शब्द आपल्याकडे आले कुठून.

तुम्ही समुद्राकाठची माणसे आहात, म्हणून सुरुवात पाण्यापासून करते. हे दोन्ही शब्द मुळात पाण्याचे आहेत. संस्कृतात गंभीर किंवा गभीर म्हणजे खोल. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात सृष्टीपूर्वीच्या पाण्याबद्दल प्रश्न विचारला आहे, तिथे गहन आणि गभीर ही दोन्ही विशेषणे त्या पाण्याचीच आहेत. माणसाच्या चेहऱ्याला, आवाजाला, प्रसंगाला आपण गंभीर म्हणू लागलो ते नंतर. आणि थिल्लर म्हणजे डबके. पाऊस पडून गेला की शेताच्या कोपऱ्यात, वाटेच्या खळग्यात जे घोटाभर पाणी साचते ते थिल्लर. शके 1212 म्हणजे 1290 साली नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत हा शब्द येतो तो याच अर्थाने. समुद्राच्या शेजारी थिल्लर ठेवायचे आणि अफाट व क्षुद्र यांतले अंतर ऐकणाऱ्याला डोळ्यांनी दाखवायचे, ही आपल्या संतवाङ्मयाची आवडती रीत आहे. त्या काळी कुणी कुणाला थिल्लर म्हटलेच, तर "तू वाईट आहेस" असा त्याचा अर्थ झाला नसता. तुझ्यात पाणी कमी आहे, एवढाच झाला असता.

प्राकृतात छिल्लर म्हणजे लहान तळे. जुन्या हिंदीत छीलर म्हणजे उथळ पाण्याचे डबके. आपला थिल्लर याच कुळातला दिसतो. उथळ पाण्याला हिंदीत छिछला म्हणतात आणि पोरकट, उठवळ माणसाला छिछोरा. तो छिछोरा मराठीत छचोर होऊन आला. म्हणजे शेजारच्या भाषेनेही पाणी आणि माणूस एकाच मापाने मोजले. खिशातल्या चिल्लरचे मात्र थिल्लरशी काही नाते नाही. ती कानडी, तेलुगू, तमिळ या दक्षिणेकडच्या भाषांतून आली. सुटे पैसे आणि किरकोळ गोष्ट असे दोन्ही अर्थ ती तिकडूनच घेऊन आली. उच्चार जुळतो म्हणून लोक दोघांना बहिणी समजतात, पण त्यांची घराणी वेगळी आहेत.

पाण्याची ही मोजणी आपण अंगाने करतो, हेही पाहण्यासारखे आहे. घोटाभर, गुडघाभर, मांडीभर, कमरेइतके, छातीभर, गळ्याशी आलेले, आणि विहिरीत पुरुषभर. फूटपट्टी लावायच्या आधी माणूस स्वतः पाण्यात उभा राहिला आणि पाणी कुठवर आले ते त्याने सांगितले. ज्याचा तळ पायाला लागत नाही त्याचा थांग लागत नाही, ते अथांग. दुसऱ्याच्या मनाचा थांग लागत नाही असे आपण सहज बोलून जातो, तेव्हाही आपण पाण्यातच उभे असतो.

एकदा हे ध्यानात आले की मराठीतले हलकेपणाचे निम्मे शब्द ओले निघतात. उथळ माणूस. पाणचट विनोद, म्हणजे ज्यात पाणीच जास्त झाले असा. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण तर शाळेतली मुलेही सांगतील. अवखळ हे विशेषण आपण दोघांनाच मनापासून लावतो, लहान मुलाला आणि डोंगरउताराच्या ओढ्याला, आणि दोन्हीकडे त्यात कौतुक असते. लहर म्हणजे पाण्याची लाट आणि मनाची हुक्की, आणि तिच्यावर चालणारा तो लहरी. मौज हा शब्द तर मूळ अरबी, आणि अरबीत मौज म्हणजे लाट. फारसीच्या आणि दख्खनी दरबारांच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि मराठीत आल्यावर लाट विसरून नुसता आनंद उरला. मराठीतल्या अत्यंत कसदार, विचारी साहित्याचे एक घर म्हणून ज्या नियतकालिकाकडे आणि प्रकाशनाकडे पाहिले गेले, त्याचे नाव मौजच आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

सगळे शब्द पाण्यातून आले असे मात्र नाही. वाह्यात फारसी-अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ पोकळ, निरर्थक बोलणे. आपण तो कार्ट्याला लावला. फुटकळ हा फुटण्यातून आला. हलका-जड ही वजनाची भाषाही आपल्याकडे आहे. गुरू म्हणजे मुळात जड, लघु म्हणजे हलका. गुरूपासून गौरव आला, पण लघूपासून आलेले लाघवही आपण वाईट मानले नाही. उलट हस्तलाघव ही विद्या मानली, आणि लाघवी माणूस तर सगळ्यांनाच हवासा वाटतो. हलकेपणातही एक कौशल्य असते याची आपल्या पूर्वजांना जाण होती.

इंग्रजांनी काय केले ते थोडक्यात सांगते, कारण शेजाऱ्याचे घर पाहिल्यावर आपले नीट दिसते. पोरकटपणाला ते फ्रिव्हॉलिटी म्हणतात. त्याच्या मुळाशी लॅटिन शब्द आहे, आणि फेस्टस नावाच्या जुन्या रोमन कोशकाराने तो तडकलेल्या मातीच्या भांड्यांसाठी असल्याचे नोंदले आहे. फुटक्या मडक्यातून त्यांचा थिल्लरपणा निघाला. त्यांचा दुसरा जुना शब्द फ्रिपरी. जुन्या फ्रेंचमध्ये चिंधीला जो शब्द होता त्यावरून जुन्या कपड्यांच्या दुकानाला फ्रिपरी म्हणू लागले. सोळाव्या शतकात इंग्रजीतही त्याचा अर्थ हाच होता. पुढे भपकेदार पण कमअस्सल कपडे असा अर्थ झाला, आणि मग कसलाही पोकळ डामडौल. फ्रान्समध्ये आजही जुन्या कपड्यांचा बाजार त्याच नावाने भरतो. तिसरा शब्द सिली. तो हजार वर्षांपूर्वी धन्य, सुखी, देवाचा लाडका अशा अर्थाचा होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊ अजून धन्य याच अर्थाने वापरतात. इंग्रजीत तो आधी निरागस झाला, मग बिचारा झाला, आणि शेवटी मूर्ख झाला. निरागस माणसाला मूर्ख ठरवायला समाजाला काही शतके पुरतात, हे त्या एका शब्दात पाहायला मिळते.

त्यांनी मडके आणि कापड पाहिले, आपण पाणी पाहिले. त्यामुळे आपल्या शब्दात एक सोय राहिली आहे. फुटके मडके पुन्हा सांधत नाही. पाणी मात्र वाढते, आटते, वाहून पुढे जाते, दुसऱ्या पाण्याला मिळते. ही सोय आपण विसरलो आणि थिल्लर ही शिवी करून टाकली.

ती कशी झाली? इथे समर्थ रामदासांचे नाव घ्यावे लागते, आणि ते आदरानेच घ्यावे लागते. दासबोधाशी ज्या शिवथरघळीचे नाव जोडले आहे ती आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळ आहे. विनोदाची आवड समर्थांनी टवाळांच्या खात्यावर मांडली, आणि ते वचन साडेतीनशे वर्षे हसणाऱ्या माणसाच्या तोंडावर फेकले जात आहे. फेकणारे समर्थांनीच लिहिलेली मूर्खलक्षणे वाचत नाहीत. त्या समासात माणसाच्या वेडगळपणाचे इतके बारीक निरीक्षण आहे की तो हसू आवरून वाचता येत नाही. ज्याने ते लिहिले त्याला विनोदाचे वावडे असेल हे मला पटत नाही. त्यांचा राग टवाळीवर होता. जिला काही सांगायचे नाही, कुणासाठी काही करायचे नाही, नुसते दुसऱ्याचे चालले आहे त्यात खोडा घालायचा आहे, त्या वृत्तीवर होता. त्या काळात, राज्य उभे राहत असताना, तो राग रास्तच होता. आपण मात्र त्यातून भलताच निष्कर्ष काढला, की हसला तो टवाळ.

आणि हा शिक्का सर्वांवर सारखा बसला नाही, हे मला आज मोकळेपणी सांगायचे आहे. पुरुष गडगडाट करून हसला की तो दिलखुलास. बाई तशी हसली की फिदीफिदी. मराठीत बायकांच्या हसण्यासाठी केवढी मोठी शिव्यांची थैली आहे पाहा: चहाटळ, उठवळ, आचरट, छचोर, थिल्लर. उठवळ तर जवळजवळ बाईसाठीच राखून ठेवलेला शब्द आहे. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका हसताना तोंडावर पदर घ्यायच्या. ती सवय लाजेतून लागली असे मला वाटत नाही, ती त्या शब्दांच्या भीतीने लागली. म्हणूनच बायकांनी हसण्यासाठी वेगळ्या जागा केल्या. मंगळागौरीच्या रात्री सासूचे सोंग काढायचे, पिंगा घालताना माहेर-सासरची भांडणे खेळायची, जात्यावर पहाटे दीर-नणंदांना टोमणे मारायचे, उखाण्यात नवऱ्याचे नाव घेताघेता त्याची खोडी काढायची. घरातल्या कर्त्या पुरुषांनी याला बायकांचा थिल्लरपणा म्हणून सोडून दिले, आणि त्यांनी सोडून दिले म्हणूनच ते टिकले. लोकसाहित्याचे अभ्यासक आज त्या ओव्या आदराने गोळा करतात.

आता तुम्हाला जूनमधल्या शेतात नेते. तुमच्यापैकी अनेकांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे, पण आज त्याच्याकडे या विषयाच्या निमित्ताने पाहा. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडतो, ओहोळ भरून येतात आणि रात्री वलगण होते. नदीच्या कोंडात, डोहात, जिथे पुरुषभर पाणी आहे तिथे उन्हाळाभर तळाशी बसून राहिलेले मासे प्रवाहाच्या उलट निघतात. पोटात अंडी असतात. ओहोळातून चढत, बांधाच्या फटीतून अंग घुसवत ते शेतात येतात, खाचरातल्या वीतभर पाण्यात. बॅटरीच्या उजेडात त्यांच्या पाठी पाण्याबाहेर दिसतात, इतके ते पाणी कमी असते. तिथे ते अंडी सोडतात. डोहात सोडत नाहीत, कारण डोहात मोठे मासे असतात, आणि ओढ्याच्या धारेत अंडी वाहून जातील. खाचरातले पाणी उन्हाने लवकर कोमट होते, भाताच्या रोपांत आडोसा असतो, पिल्लांना खायला बारीक जीव मिळतात. चार-सहा आठवड्यांनी पिल्ले बळकट झाली की पाण्याबरोबर खाली उतरतात. डोहातल्या मोठ्या माशांचा जन्म या थिल्लर पाण्यातला असतो. म्हणून वलगणीचे मासे झोडून, जाळे लावून सगळेच्या सगळे काढू नयेत असे जुनी माणसे सांगत आली.

मला भाषेत आणि कलेत नेमके हेच घडताना दिसते. नवा शब्द व्यासपीठावर जन्मत नाही. तो पोरांच्या चिडवण्यात, बायकांच्या टोमण्यात, होडीवरच्या थट्टेत, मित्रामित्रांच्या टोपणनावांत जन्मतो. तिथे त्याला कुणी मोठे खायला टपलेले नसते. तिथे चुकले तर चालते. तिथे तो बळकट झाला की ग्रंथात उतरतो. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात अद्वैताचा विचार सांगायला भारूड निवडले. गावोगावच्या सोंगाड्यांचे, भुत्ये-जोगी-वासुदेवांचे गमतीचे प्रकार त्यांनी घेतले आणि त्यांत तत्त्वज्ञान सांगितले. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारा हाच माणूस. त्याला डोहही माहीत होता आणि खाचरही.

आपला शिमगा घ्या. देवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवायच्या चौथऱ्यावरून निघते, दारोदार जाते, घरातली बाई पाय धुते, ओटी भरते. त्या क्षणी अंगणात जी शांतता असते ती देवळातही नसते. आणि त्याच अंगणात दहा पावलांवर सोंगे उभी असतात. कुणाच्या तोंडाला काजळ, कुणी आईचे जुने लुगडे नेसलेला, कुणी डोक्याला टोप बांधून कमरेला घुंगरू लावलेला. ढोल थांबला की ते म्हाताऱ्यांना नावे ठेवतात, कंजूष घरमालकाची नक्कल करतात, आणि यजमानच सगळ्यात जास्त हसतो. दर वर्षी पाहून मला एक गोष्ट जाणवत आली आहे. पालखीपुढे हात जोडणारा आणि सोंग घेणारा अनेकदा एकच माणूस असतो. काजळ पुसायच्या आधीच तो नमस्कार करतो, आणि देवीला त्याचे काही वाटत नाही. पूर्वी सावकार, खोत, पाटील यांच्या नावाने वर्षभर जे उघड बोलता येत नव्हते, ते त्या रात्री बोंब मारून बोलता येई. गरिबाला मिळालेली ती सवड होती. त्याच शिमग्यात बायामाणसांची नावे घेऊन घाणेरडे बोलायची चाल होती, काही ठिकाणी अजून आहे. तिला मी परंपरा म्हणून पाठीशी घालणार नाही. वरच्यावर तोंड सोडणे आणि आपल्याहून दुबळ्यावर तोंड सोडणे या एकाच रात्रीच्या गोष्टी असल्या तरी एका मापाच्या नाहीत.

छापील मराठीत हा झगडा कसा झाला तेही पाहण्यासारखे आहे. 1902 साली विविधज्ञानविस्तार या मासिकात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा साक्षीदार हा लेख आला आणि मराठी विनोदी लेखनाला नवे वळण मिळाले. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही त्यांची तीन माणसे धर्माच्या नावाने चाललेल्या पोकळ कर्मकांडाची भाबडेपणाने फजिती करत हिंडली. त्यातूनच सुदाम्याचे पोहे हे पुस्तक झाले. अशा लेखनात विद्वत्ता खर्च करावी का, हा प्रश्न त्या काळात सुशिक्षितांना पडत होता. आणि महाराष्ट्रगीत लिहिणारे कोल्हटकरही हेच. छाती भरून यावी असे गीत आणि हसून पोट दुखावे असे लेख, दोन्ही एकाच दौतीतून आले.

त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी. त्यांनी स्वतःची दोन नावे केली. कविता लिहिताना गोविंदाग्रज, विनोद लिहिताना बाळकराम. जणू एका घरात दोन चुली. वाचकाला एकाच माणसाचे हसणे आणि रडणे एकत्र पचणार नाही असे त्या काळाला वाटत होते, आणि त्याची ही खूण आहे असे मी समजते. पण नाटकात त्यांनी ही भिंत पाडली. एकच प्याला त्यांच्या मृत्यूनंतर, 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. त्या नाटकातला तळीराम आठवा. त्याचे आर्य मदिरा मंडळ, दारूच्या बाजूने केलेले त्याचे युक्तिवाद, सभेच्या कामकाजाची केलेली नक्कल. प्रेक्षक खदखदून हसतो. दारू पिणाऱ्याची बुद्धी किती तल्लख असू शकते ते पाहून त्याला तळीराम आवडूही लागतो. आणि नेमके तिथेच तो फसतो, कारण सिंधूचा नवरा सुधाकरही तसाच फसला होता. दारूची गोडी प्रेक्षकाला आधी हसवून चाखवायची आणि मग त्या घराची राख दाखवायची. तळीराम काढून टाका, नाटक दारूबंदीचे प्रवचन होईल. तो आहे म्हणून सिंधूचे दुःख सोसवेनासे होते. पाण्याच्या भाषेत बोलायचे तर घोटाभर पाण्यातून चालत चालत गडकरी आपल्याला अशा जागी नेतात, जिथे पायाखालचा तळ संपतो.

मग खरे थिल्लर काय? मला त्याचे उदाहरण हसण्यात सापडत नाही. ते दुसरीकडेच सापडते. आपल्याकडे कुणी गेले की शोकसभा होते. गेलेल्या माणसाने काय केले, तो कसा बोलायचा, कशाने चिडायचा, कुणाला गुपचूप फीचे पैसे द्यायचा, यातले एक अक्षर न बोलता वक्ते उठतात आणि कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली असे सांगून बसतात. चेहरा गंभीर, आवाज गंभीर, शब्द गुळगुळीत. मोबाइलवर तर एकाच ठशाची श्रद्धांजली शंभर जण पुढे ढकलतात, आणि कित्येकदा खाली नाव बदलायचेही राहून जाते. याला मी थिल्लर म्हणेन. इथे पाणी कुठून आलेले नसते आणि कुठे जायचे नसते. कुणाच्या जगण्याशी त्याचा ओहोळ जोडलेला नसतो. खाचर आणि डबके वरून सारखेच उथळ दिसतात. खाचराला बांधातून वाट असते, डबक्याला नसते. काही दिवसांत एकात पिल्ले पोहू लागतात आणि दुसऱ्यात शेवाळ धरते.

याच्या उलट एक प्रसंग सांगते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली, इथल्या वाड्यांचे काय झाले ते तुम्हाला मी सांगायला नको. रोठा सुपारीची पिढ्यांनी जपलेली झाडे काही तासांत आडवी झाली. सुपारीचे झाड लावले तर फळ यायला पाच-सात वर्षे जातात, म्हणजे माणसाच्या आयुष्यातली ती वर्षे गेली. वीज कित्येक दिवस नव्हती. माझ्या माहेरच्या घराचे सगळे पत्रे उडाले होते. फोन लागला तेव्हा मी रडत होते, आणि पलीकडून आमचे काका म्हणाले, "अगं, पत्र्यावर पावसाचा आवाज फार व्हायचा, झोप लागत नव्हती. आता कसलाच आवाज नाही." मागे घरातली सगळी हसत होती. आयुष्यभराची बाग झोपलेली, डोक्यावर ताडपत्री, आणि ही माणसे हसत होती. इतक्या खोल पाण्यातून आलेले हसू मी दुसरे ऐकलेले नाही. त्या दिवसांत पाहणी करायला आलेल्यांची सांत्वने मी विसरले. काकांचे वाक्य विसरले नाही.

म्हणून कार्यकर्त्यांची विनंती मी मान्य केली आणि थोडी वाकवलीही. व्यासपीठावरून थिल्लर चालू नये हे खरेच आहे. ज्या हसण्यात कुणाचा अपमान आहे, ज्यात पाणी कमी आणि खळखळाट जास्त आहे, ते नकोच. पण मुलांना गप्प बसवताना, मुलींचे हसू दाबताना, गावातल्या सोंगाड्याला कमी लेखताना हा शब्द वापरू नका. आपल्या मुली आता शिकून मुंबई-पुण्याला जातात, स्वतःच्या पायावर उभ्या राहतात. त्या सुट्टीला आल्यावर घरात मोठ्याने हसल्या तर त्यांना हसू द्या.

एक काम मात्र इथल्या ग्रंथालयाने हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते. इथून जवळच्या दिवेआगरात शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा ताम्रपट सापडला. मराठीत लिहिलेल्या अगदी जुन्या लेखांपैकी तो एक आहे. त्यात सोन्याच्या ठेवीचा व्यवहार आहे, साक्षीच्या माणसांची नावे आहेत. व्यवहार तांब्यावर कोरायचा असतो, म्हणून तो आपल्याला साडेनऊशे वर्षांनी वाचता येतो. त्या दिवशी काम उरकल्यावर त्या मंडळींनी एकमेकांची काय थट्टा केली, एकमेकांना कोणत्या नावांनी हाक मारली, ते कुणी कोरले नाही. ती मराठी गेली.

आजची जाऊ द्यायची नसेल तर वह्या घ्या आणि घरोघर जा. पंचतनातल्या, कोळीवाड्यातल्या, मोहल्ल्यातल्या, कुणबीवाडीतल्या माणसांकडून चिडवण्याचे, टोपणनावांचे, शिमग्याच्या सोंगांचे, मंगळागौरीच्या खेळांचे शब्द लिहून घ्या. कोकणी मुसलमान घरांतली बोली, खारव्यांची बोली, आगरातली बोली, प्रत्येकीत थट्टेचे वेगळे शब्द आहेत. पाण्याचेही घ्या: खाजण, कोंड, डवरा, वलगण, भांग, उधाण. शब्द कुणी सांगितला, कोणत्या वाडीत सांगितला, कोणत्या प्रसंगी वापरतात, ते शेजारी लिहा. सुरुवात सत्तरीच्या पुढच्या बायकांपासून करा, आणि विचारायला मुलींना पाठवा. पुरुषांपुढे त्या सगळे सांगणार नाहीत. पहिली वही भरली की मला कळवा, मी ती वाचायला येईन.